मिस्त्रीच्या गाडीचा रंग

गाडी रंगावर आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो मिस्त्रीच्या बायकोला. "आता एकदाची ती शेडमधून बाहेर पडेल आणि मला कपडे वाळत घालायला जागा होईल," असं ती गल्लीत ज्याला-त्याला सांगायची. पण कुणी गाडी बघायला आलं की स्वतःच पुढे होऊन ताडपत्री उचलून दाखवायची.

मिस्त्री म्हणजे खरं तर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अर्धं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलेलं. नोकरी संपत आली तेव्हा तो म्हणाला, "वर-खाली पुष्कळ झालं, आता आडवं जाणारं काहीतरी करू." भंगारात निघालेल्या एका छोट्या व्हॅनची चॅसी आणि इंजिन त्याने घरी आणलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड उभी केली आणि वरची बॉडी स्वतः ठोकून काढायला घेतली. दोन दारं, गोलसर मडगार्ड, मागे छोटीशी डिकी. बघणारा विचारायचा, "कुठल्या कंपनीची?" तो म्हणायचा, "घरच्या."

या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

"आणि सीटची कव्हरं शिवतेय ती मी कोण? शेजारीण?" बायको विचारायची.

"तुला धरून मी एकच," तो म्हणायचा. तेव्हा हे तो मनापासून म्हणत असे.

त्या सकाळी दोघं रंगाच्या दुकानात निघाली होती. बसमधून उतरल्यावर थोडासा चढ होता. तेवढ्यातच ती थांबली. कठड्याला हात टेकून तिने पर्समधून पंप काढला, तोंडाला लावून ओढला आणि श्वास धरून उभी राहिली.

"थांबा जरा," मग ती म्हणाली, "माझं इंजिन तापलंय."

मिस्त्रीने तिची पर्स धरली आणि समोरच्या सायकलच्या दुकानाकडे बघत राहिला. तिला धाप लागली की तो नेहमी असाच दुसरीकडे बघायचा. तिला वाटायचं, याला आपला त्रास बघवत नाही. ते खरंही होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

झालं होतं ते असं. हिवाळ्याच्या शेवटी बॉडीचं ठोकाकाम संपलं, पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरून घासून झाली आणि त्याने प्रायमर मारायला घेतला. साधा नाही, हार्डनर मिसळून मारायचा असतो तो. पत्र्याला असा धरतो की खिळ्यानेही निघू नये. डब्यावर मास्क घातलेल्या माणसाचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरात सूचना होत्या. मिस्त्री डब्यावरचं सगळं वाचणारा माणूस. लिफ्टच्या कामात न वाचणाऱ्याचा हात जातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने वाचलं, की या फवाऱ्याने श्वासाचा विकार जडू शकतो, आसपास दुसरं कुणी असू नये, आणि हवा बाहेर ओढून टाकायची सोय हवी. वाचून तो बाजारात गेला आणि दोन गोल फिल्टर असलेला चांगला मास्क घेऊन आला. स्वतःसाठी.

स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडायची. तिथून ती त्याला चहाचा कप द्यायची. त्याच खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं आणि त्या दिवसांत ती गाडीच्या सीटची कव्हरं शिवत होती. फवारा सुरू करण्याआधी तो ओरडला, "खिडकी लाव गं." तिने लावली. पण खिडकीची एक काच खालच्या कोपऱ्यात फुटलेली होती. ती बदलायचं तो कधीपासून म्हणत होता. मास्कमधून त्याने त्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलंसुद्धा. मग मनाशी म्हणाला, चालेल, एवढ्याने काय होतंय, आणि फवाऱ्याच्या बंदुकीचा घोडा दाबला.

आधी तिला खोकला लागला. मग रात्री छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "घरात धूर? धूळ? रंगकाम वगैरे? पाळलेलं जनावर?"

"मांजर आहे," बायको म्हणाली.

"आणि रंगकाम?"

"रंग अजून द्यायचाय," मिस्त्री म्हणाला. जिभेवर आयतं आलं आणि निघून गेलं. प्रायमरला काही रंग म्हणत नाहीत. बाहेर पडताना त्याने स्वतःची तशी समजूतही घातली.

मांजराचं नाव मुकादम. करडा, जाडा, एका कानाला चीर पडलेला बोका. मिस्त्री काम करत असताना स्टुलावर बसून डोळे बारीक करून बघायचा. स्वतः काडीचं काम नाही आणि दुसऱ्याचं पसंत नाही, म्हणून मुकादम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निदान काही महिने दूर ठेवून बघा." बायकोने त्याला स्वतःच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून टोपलीत घातलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे नेऊन दिलं. परत आल्यावर तिने त्याची वाटी घासली, फळीवर पालथी ठेवली, आणि मग दोन दिवस पडदे, चादरी, उशा असं जे हाताला लागेल ते धूत बसली.

तेव्हाही मिस्त्रीला बोलता आलं असतं. पण नुसता संशयच तर होता, आणि मांजराने खरोखरच त्रास होतो, अशी उदाहरणं त्यालाही ठाऊक होती. शिवाय दोन दारांचा प्रायमर राहिला होता.

तो त्याने एका दुपारी मारला, ती कुणाकडे तरी ब्लाउज द्यायला गेली असताना. शेडचं दार उघडं टाकलं, पंखा लावला, ती येईपर्यंत सगळं उडून जाईल असा हिशेब केला. ती आली, भाजी निवडायला बसली आणि निवडता निवडता तिचे ओठ निळसर दिसायला लागले. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत तिला दोन शब्द जोडून बोलता येत नव्हते. रात्री जरा बरं वाटल्यावर ऑक्सिजनची नळी बाजूला सारून ती म्हणाली, "मुकादमचे केस अजून कुठेतरी राहिले असणार. सोफ्याखाली बघितलंच नाही मी."

"हं," मिस्त्री म्हणाला.

आता संशय उरला नव्हता. मांजर घरात नव्हतं, आणि श्वास कोंडला तो फवाऱ्यानंतर तासाभरात. हे त्याला कळलं होतं आणि तरी तो "हं" म्हणाला होता. घरी आल्यावर तिने खरोखर सोफा हलवायला लावला. त्याने हलवला. ती फडक्याने पुसत होती आणि तो सोफ्याचा पाय धरून उभा होता.

तेव्हापासून जेवण जात नव्हतं, असंही नाही. तो जेवत होता, झोपत होता, दारांच्या कड्या बसवत होता. फक्त तिने प्रेमाने काही विचारलं की अंगावर पाल पडल्यासारखा दचकायचा.

दुकानात शिरल्या शिरल्या बायकोने रंगांच्या पट्ट्यांचं शेड कार्ड उचललं आणि थेट बाहेर उन्हात गेली. "तुमच्या ट्यूबलाइटखाली सगळेच रंग आजारी दिसतात," ती दुकानदाराला म्हणाली. दुकानदार हसला आणि मिस्त्रीकडे वळला.

"गाडी घरी बांधलीय म्हणता? मग टू-पॅकच घ्या. हार्डनरवाला. आरशासारखी चमक येईल, वीस वर्षं बघायला नको. मारणार कुठे?"

"घरीच. शेड आहे."

"मग जपून. घरात दम्याचं कुणी नाही ना?"

मिस्त्रीने काचेतून बाहेर पाहिलं. ती कार्ड डोळ्यांपासून लांब धरून, मान तिरकी करून, एकेक पट्टी उलटत होती. रस्त्याने जाणाऱ्या कुणा अनोळखी बाईला तिने थांबवलं होतं आणि दोघी मिळून बोट ठेवून काहीतरी ठरवत होत्या.

"साधं इनॅमल दाखवा," तो म्हणाला. "ब्रशने लावायचं."

"ब्रशने?" दुकानदाराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अहो, गाडी आहे की गेट?"

तेवढ्यात ती आत आली. गाल लाल झाले होते. "ठरलं! मोरपंखी. लाल म्हणाल तर अग्निशामक दलाची वाटेल, पांढरा दुधवाल्याची. हा बघा, उन्हात निळा दिसतो आणि सावलीत हिरवा. आपल्या सीटच्या बिस्किटी कापडाला काय शोभेल!"

दुकानदाराने पट्टीमागचा नंबर बघितला. "हा टू-पॅकमध्येच येतो, वहिनी."

"मग तोच द्या."

"नको," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"नको म्हणतोय ना. साधा लावू, ब्रशने."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "ब्रशने? आरशासारखी चमक, भांग पाडता आला पाहिजे असली चमक, हे इतकी वर्षं कोण माझं डोकं खात होतं?"

"आपण नंतर येऊ," असं काहीतरी पुटपुटत तो दुकानाबाहेर पडला. बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी. शेड कार्ड तिने परत द्यायचं विसरून हातात तसंच धरलं होतं.

घरी येऊन तिने चहा टाकला आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "रंग आवडला नसेल तर सरळ सांगायचं. परक्या माणसासमोर तोंडघशी कशाला पाडायचं? मी आपली हौसेने..."

"रंग चांगला आहे."

"मग?"

मिस्त्री खुर्चीत बसला. मग उठला. शेडमध्ये जाऊन प्रायमरचा रिकामा डबा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला.

"तुझा दमा यातून झालाय," तो म्हणाला. "मांजराने नाही. यातून."

तिने गॅस बंद केला. डबा उचलून चष्म्याखालून वाचायला लागली. बराच वेळ वाचत होती.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"दारांना मारला त्या दिवशी पक्कं कळलं. दवाखान्यात नेलं तेव्हा."

"आणि त्याआधी?"

"डब्यावर लिहिलेलंच होतं. वाचलं होतं मी. मला वाटलं, खिडकी लावली की झालं."

ती खिडकीकडे वळली. फुटलेल्या कोपऱ्यावर तिने स्वतःच कधीतरी पुठ्ठा चिकटवला होता.

"तो तुमचा मास्क. तो केव्हा आणलात?"

"आधीच. सुरुवात करायच्या आधी."

"एकच आणलात?"

"एकच."

ओरडेल, डबा फेकेल, रडेल, असं त्याला वाटत होतं. तिने डबा खाली ठेवला, दोन्ही हात पदराला पुसले आणि विचारलं, "आणि मुकादम? त्याला मी टोपलीत घालत होते तेव्हा तुम्ही दोरी धरली होतीत. मी सोफ्याखाली केस शोधत होते. तेव्हा काय वाटत होतं तुम्हाला?"

"वाईट वाटत होतं."

"वाईट वाटत होतं," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत." आणि चहा तसाच ठेवून आतल्या खोलीत गेली. कडी घातल्याचा आवाज आला.

पुढचे दिवस ती कामापुरतं बोलली. मीठ द्या. दूधवाला आलाय. एकदा फक्त म्हणाली, "डॉक्टरांकडे तुम्ही यायचं आणि तुम्हीच सांगायचं." तो गेला. सांगताना त्याने टेबलावरच्या पेपरवेटवर नजर खिळवून ठेवली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण लिहिणं थांबवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे तेव्हाच सांगितलं असतंत तर दुसऱ्यांदा ही वेळ आली नसती," त्या म्हणाल्या. त्यांनी औषध बदललं. या फवाऱ्याचा वाससुद्धा यांना पुन्हा लागता कामा नये, शेडमधली घासकामाची धूळही नाही. लवकर दूर झालं तर पुष्कळ फरक पडतो, पूर्ण जाईल असं मात्र सांगता येत नाही. आणि मांजराचं विचाराल तर त्याला घरी आणायला हरकत नाही, त्रास वाटला तर बघू.

दवाखान्यातून ती परस्पर बहिणीकडे निघाली. मिस्त्री मागोमाग. टोपली बरोबर नव्हती, म्हणून तिने वाटेत एक मोठी कापडी पिशवी घेतली.

धाकटीच्या घरी तिचे सासरे गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग लुळं, जीभ जड. मुकादम त्यांच्या पायाशी, पांघरुणाच्या खळग्यात पसरला होता.

"ताई, तू आलीस ते बरं झालं," धाकटी दारातच सांगायला लागली. "अगं, चमत्कार आहे हा तुझा बोका. मामंजी कुणाशी अक्षर बोलत नव्हते, याच्याशी बोलतात. सकाळी उठले की आधी 'मुक्या' म्हणून हाक. डॉक्टर म्हणाले, तेवढाच जिभेला व्यायाम. भाऊजी, बसा ना, उभे का?"

मिस्त्री भिंतीला टेकून उभाच राहिला. बायको खाटेजवळ बसली. मुकादमने डोळे उघडले, तिला ओळखलं, आळोखेपिळोखे देत उठला आणि तिच्या मांडीवर आला. तिने त्याच्या चिरलेल्या कानामागे खाजवलं. त्याची घरघर खोलीभर ऐकू यायला लागली. म्हातारबांचा चांगला हात पांघरुणावर चाचपडत होता.

"मु... क्या," ते म्हणाले.

बोक्याने कान फिरवला. मग तो मांडीवरून उतरून परत त्या हाताशी जाऊन बसला.

बायकोने पिशवीची घडी केली. घडीची आणखी घडी केली. "मी विचारतो तिला," मिस्त्री हळूच म्हणाला, "आपलाच आहे तो, आपण—"

"तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. बहिणीला तिने सांगितलं की सहजच भेटायला आलो होतो.

परतताना बस रिकामी होती. ती पुढच्या सीटवर एकटी बसली. मिस्त्री मागून तिची मान आणि सैल झालेला अंबाडा बघत होता. तिचे खांदे हलत होते. पुढे जाऊन शेजारी बसायचा धीर त्याला झाला नाही, आणि तो धीर नसण्याची लाज घरापर्यंत पुरली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आवरायला घेतलं. काच बदलली. कॉम्प्रेसर आणि बंदूक एका ओळखीच्याला देऊन टाकली. शेड पाण्याने धुऊन काढली, बायको बाहेर गेलेली असताना. आणि शहराबाहेर एक गॅरेज होतं, तिथे बंद काचेची रंगखोली होती, हवा ओढून गाळणारी. तिथल्या पेंटरला जाऊन सांगून आला, की गाडी घेऊन येतो, तुम्हीच रंगवा. गाडी टोचनवर ओढून नेताना गल्लीतले विचारत होते, "काय मिस्त्री, दुसऱ्याचा हात लावणार शेवटी?" तो म्हणाला, "लावणार."

"रंग कुठला?" पेंटरने विचारलं.

हा प्रश्न त्याने घरी नेला. ती मशीनवर होती.

"रंग तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "त्या गाडीचं मला काही विचारू नका."

मोरपंखीच द्यावा असं त्याला एकदा वाटलं. पण तिने पसंत केलेला रंग देऊन तिलाच खूश करायला बघतोय, असं ते दिसलं असतं, आणि तसं ते होतंही. लाल त्याच्या स्वतःच्या मनातला, पहिल्या दिवसापासूनचा. तो आता घेववेना. पेंटरकडून त्याने पूर्ण सुकलेले, वास गेलेले पत्र्याचे नमुने आणले. लाल, करडा, मोरपंखी, दुधी, गर्द निळा. घरात न आणता अंगणाच्या भिंतीशी ओळीने टेकवून ठेवले. सकाळी बघायचा, दुपारी बघायचा. काही ठरायचं नाही. लिफ्टमध्ये माणसं अडकलेली असताना कुठली वायर तोडायची ते जो क्षणात ठरवायचा, तो पत्र्याच्या तुकड्यांसमोर घुम्यासारखा बसून राहायचा. पेंटरचे फोन येऊन गेले.

एका संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला अंगणात आली. पंप ती आता पूर्वीइतका वापरत नव्हती. जिना मात्र अजून थांबत थांबतच चढायची. हातावर कपड्यांचा ढीग घेऊन ती त्या ओळीसमोर उभी राहिली.

"हा दुधी काढून टाका," ती म्हणाली. "दोन दिवसांत मळका दिसेल."

मिस्त्री उठला आणि दुधी नमुना बाजूला केला.

"लाल तर नाहीच."

त्याने लालही काढला. तिने ढीग दुसऱ्या हातावर घेतला.

"मोरपंखी मला आवडला होता," ती म्हणाली. "तुम्ही केलंत त्याने माझी आवड कशाला बदलू मी? तोच द्या. पण माझी समजूत काढायला दिलात असं मनातसुद्धा आणू नका. त्याने काढली जाणार नाही."

"नाही आणत," तो म्हणाला.

रंग सुकून गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा तीही निघाली. गॅरेजच्या फाटकाबाहेर, वारा उलट्या बाजूने येईल अशा जागी ती झाडाखाली थांबली आणि तो आत गेला. गाडी उजेडात उभी होती. पेंटरने चोख काम केलं होतं. खरोखर भांग पाडता आला असता. मिस्त्री भोवती फिरला. डाव्या दाराशी आला आणि खाली वाकला. चकाकीत समोरच्या खिडकीची चौकट वाकडी दिसत होती. त्याने स्वतः ठोकलेल्या पत्र्यात एक उथळ पोचा राहून गेला होता. प्रायमरखाली तो हाताला लागला नव्हता, आता लांबूनही दिसत होता.

"पुन्हा लांबी भरून मारू?" पेंटरने विचारलं. "कुणाला कळणार नाही."

"राहू दे," तो म्हणाला आणि बाहेर आला.

"कशी दिसते?" तिने विचारलं.

चार महिन्यांपूर्वी तो म्हणाला असता, एकदम झकास.

"रंग सुंदर आहे," तो म्हणाला. "डाव्या दाराला पोचा आहे. माझ्या ठोकण्यातला. दिसतो."

"खूप?"

"तुझ्या बाजूचं दार आहे. बसायला येणाऱ्याला दिसेल."

तिने मान हलवली. मग पदर नाकावर धरून, पण घाई न करता, फाटकापर्यंत चालत गेली आणि तिथूनच, पाय उंचावून, आत बघायला लागली.